आबा आणि बिनकिलचाची गाडी

मागच्या आठवड्यात भुकूमच्या चौकात मी भर रहदारीत, समोर काहीही नसताना, गाडी जागच्या जागी उभी केली. गाडी बायकोची होती. माझी गॅरेजात पडली आहे. बायकोच्या गाडीला क्लच नाही हे मला माहीत आहे. माझ्या डाव्या पायाला माहीत नाही. गतिरोधक दिसताच तो सवयीने उठला, क्लच शोधायला गेला आणि वाटेत जे पहिलं सापडलं ते, म्हणजे ब्रेक, त्याने तळापर्यंत दाबलं. माझा चष्मा स्टिअरिंगवर, जेवणाचा डबा पायांत, आणि मागे हिंजवडीला निघालेली कंपनीची कॅब माझ्या डिकीपासून चार बोटांवर. कॅबचा ड्रायव्हर खाली उतरला. माझ्या पिकलेल्या कानशिलांकडे पाहून त्याने तोंडाशी आलेली शिवी गिळली आणि शांतपणे विचारलं, "काका, गाडी चालवताय का झुरळं मारताय?"

त्याला काय सांगणार? पाय माझा असला तरी त्याचं शिक्षण आबांकडे झालेलं आहे.

आबा म्हणजे माझे सख्खे चुलते. माले गावात त्यांची शेती होती आणि एक जुनी, हँडल मारून सुरू होणारी जीप होती. शेती लोकांच्या मदतीने चाले. जीपला मात्र दुसऱ्याचा हात लागलेला त्यांना खपत नसे. गंमत अशी की बैलगाडी सोडून त्यांनी जीप धरली, पण भाषा तीच ठेवली. गाडी सुरू करणं म्हणजे 'जुपणं'. ती दारात लावून उतरणं म्हणजे 'सोडणं'. स्टिअरिंग घट्ट आवळून धरलं की ते म्हणत, "कासरा सैल सोड, जनावर पळून न्हाई जात." आणि हँडब्रेकला त्यांचा शब्द होता दावं. उतारावर गाडी लावून कुणी घरात शिरला की ओट्यावरून हाक यायची, "दावं बांधलंस का?" पुण्याहून आलेला एक पाहुणा हे ऐकून गोठ्याकडे गेला होता.

आमच्या भावकीतल्या झाडून सगळ्यांना गाडी त्यांनीच शिकवली. शिकवण्याची सुरुवात हँडलपासून. अंगठा चार बोटांच्याच बाजूला ठेवायचा, नाहीतर हँडल उलटं फिरून मनगट मोडतं. मग कानोसा. गाडीतल्या काट्यांकडे बघायचं नाही, ऐकायचं. "ती कण्हायला लागली का गेर उतरव. गुणगुणायला लागली का चढव. तिला काय हवंय ते तीच सांगती, तू मधी बोलू नको." ताम्हिणीत नेऊन त्यांनी आम्हाला शिकवलं की ज्या गेरात घाट चढशील त्याच गेरात उतरायचं. ब्रेकवर घाट उतरणाऱ्या माणसाला ते 'उधळा' म्हणत.

शेवटची परीक्षा असे अंड्याची. गावाबाहेरच्या चढावर जीप उभी करायची, मागच्या चाकाला टेकवून काकीच्या कोंबडीचं अंडं ठेवायचं आणि गाडी तसूभरही मागे न घेता पुढे काढायची. अर्ध्या क्लचवर इंजिन तोलून धरायचं, आणि ते किती तोलायचं हे सांगता येत नाही. आबा एवढंच म्हणत, "अदमास घे." माझा अदमास कच्चा होता. गल्लीतलं एक कुत्रं माझ्यावर फार जीव टाकून होतं. मी जीपमध्ये बसलेला दिसलो की ते आधीच चढावर जाऊन बसायचं. काकी म्हणायची, ह्याच्या शिकण्यापायी माझी कोंबडी झिजली. पण शेवटी एका दुपारी अंडं शाबूत राहिलं. आबांनी ते उचललं, धोतराला पुसलं आणि माझ्या हातात दिलं. पदवीदान समारंभात मला इतकं भरून आलं नव्हतं.

लग्नानंतर माझी बायको त्या चढावर बसली. तिने सलग काही दिवस अंडी फोडली. एका दिवशी गाडी मधेच बंद पडून मागे घरंगळली, तेव्हा आबांनी हात लांब करून हँडब्रेक ओढला आणि अगदी मायेने म्हणाले, "सूनबाई, तुमचं नि किलचाचं जमायचं न्हाई. ऱ्हाऊ द्या. हा हाय की न्यायला-आणायला." ती खाली उतरली आणि काकीला भाकरीला पीठ मळून द्यायला घरात गेली.

पुढे बिनक्लचच्या गाड्या आल्या. आबांनी त्यांना नाव दिलं पाळणा. "आत बसायचं आन् कुणीतरी हालवायचं. त्यात चालवणं कुटं आलं?" हे वाक्य मी आयुष्यभर वापरलं. बायकोने बरीच वर्षं समजावलं, की तू रोज घोटवड्यावरून हिंजवडीला जातोस, त्या गर्दीत दर दोन हातांवर क्लच दाबतोस, डावा गुडघा सुजतो, आपण बदलू गाडी. मी दर वेळी पाळण्याचं वाक्य ऐकवायचो. अखेर तिने स्वतःच्या पगारातून स्वतःसाठी बिनक्लचची छोटी गाडी घेतली आणि महिन्याभरात ती एकटी मालेपर्यंत जाऊ लागली. मी अंगणात उभा राहून म्हणालो, आला पाळणा. आबा मोठ्याने हसले. मला वाटलं, आम्ही दोघं एका बाजूला आहोत.

मग आबांच्या अंगावरून वारं गेलं. थोडक्यात निभावलं, बोलणं शाबूत राहिलं, पण डावा पाय ओढत चालायला लागले. जीप छपराखाली उभी राहिली. मी दर रविवारी जायचो. त्यांच्याशेजारी बाजेवर बसून म्हणायचो, आबा, पाय सुधारला की आपण जीप काढू, ताम्हिणीत जाऊ. ते मान हलवायचे. बायको दर बुधवारी घरूनच काम करायची. त्या दिवशी दुपारी ती आबांना पौडला व्यायामाच्या दवाखान्यात न्यायची. मला तिचं कौतुक वाटे. ज्या माणसाने तिला चढावरून उतरवलं त्याची ती सेवा करते आहे, असं मी मित्रांना सांगायचो.

आबा जाण्याआधीच्या शेवटच्या रविवारीही मी गेलो होतो. त्यांनी विचारलं, "गुडगा कसा हाय?" म्हटलं, दुखतो. म्हणाले, "दुखू दे. दुखतोय म्हंजे कामात हाय." मी ते वाक्य घेऊन आनंदाने घरी आलो.

आमच्याकडे दशक्रियेला नदीकाठी माइक असतो. प्रवचन झालं की माणसं एकेक करून उठतात आणि गेलेल्या माणसाबद्दल बोलतात. सरपंच बोलले, सोसायटीचे चेअरमन बोलले, मग कुणीतरी माझं नाव घेतलं. मी लिहिता माणूस समजला जातो, म्हणून लोकांनी चांगलं ऐकायची तयारी ठेवली. मी कासरा सांगितला, दावं सांगितलं, अंडं सांगितलं. लोक डोळे पुसत हसत होते. मला चेव आला. मी म्हणालो, आजकाल माणसं सोयीसाठी सगळं सोडतात, पण आबांनी आपला शब्द सोडला नाही. पाय गेला, तरी या माणसाने पाळणा हाकला नाही.

एवढं बोलून मी थांबलो, कारण समोर काहीतरी झालं होतं. पुढच्या रांगेतल्यांनी माना खाली घातल्या होत्या. मागे कुणाला तरी खोकला आला आणि तो साथीसारखा पसरला. सरपंच नदीकडे बघायला लागले. मला वाटलं, गहिवरलेत. मी तेच वाक्य पुन्हा म्हणालो, जरा जोरात. तेव्हा आबांचे जन्माचे सोबती दगडूनाना, ज्यांना ऐकू कमी येतं आणि म्हणून जे हळू बोलत नाहीत, शेजाऱ्याला म्हणाले, "आरं हा काय बोलतुया? दर बुधवारी पाळणाच तर हाकीत व्हता की."

मग कोणालाच धरवलं नाही. दशक्रियेला इतकं हसणं बरं नव्हे, पण मालेकर हसले. काकी पदर तोंडाला लावून हसत होती की रडत होती ते मला अजून कळलेलं नाही. मी बायकांच्या बाजूला पाहिलं. माझी बायको वाळूत बोटाने रेघा ओढत होती.

जेवणाच्या पंगतीत मला उरलेलं समजलं. गावापलीकडच्या माळावर प्लॉट पाडलेत. डांबरी रस्ते झालेत, दिव्याचे खांब झालेत, कमान झालीय. घर एकही नाही. दवाखान्यातून परतताना दर बुधवारी माझी बायको त्या कमानीतून गाडी आत घ्यायची आणि आबा उजव्या बाजूला येऊन बसायचे. गुरं राखणाऱ्यांनी पाहिलं होतं, दूध घालणाऱ्यांनी पाहिलं होतं. वाढणारा चुलतभाऊ भाताचं पातेलं घेऊन थांबला आणि मला म्हणाला, "दादा, तुला म्हाईत न्हवतं व्हय? लई झ्याक वळवायचे." मला भात नको झाला.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? एका म्हाताऱ्याने गाडी चालवली. पण मी त्या माणसाच्या शब्दावर एक अख्खा गुडघा खर्च केला आहे. त्याच्या वाक्यांनी मी घरात भांडलो, ऑफिसात भाषणं दिली, सोसायटीच्या पार्किंगमध्ये तरुण पोरांना नावं ठेवली. बुधवारी तो पाळणा हाकत होता आणि रविवारी मला 'दुखू दे' म्हणत होता. कीर्तनकाराने मला उपासाला बसवावं आणि स्वतः मागच्या दाराने जेवून यावं, तसं झालं. आणि दार उघडून देणारी कोण, तर माझीच बायको. गाव सगळं त्या कटात. बाहेर राहिलेला एकटा मी, आणि आज असतं तर बहुधा ते कुत्रं.

परतताना गाडी माझी होती, माझ्याच क्लचची. पौडपर्यंत मी गिअर असे टाकत होतो की शेवटी तिनेच विषय काढला. म्हणाली, मी काही ठरवून केलं नाही. एकदा दवाखान्यातून येताना आबांनी गाडी बाजूला घ्यायला लावली, बराच वेळ माझ्या पायांकडे बघत बसले आणि विचारलं, हिला डावा पाय लागतच न्हाई? म्हटलं, नाही लागत. मग कमानीतून आत घेतली. पहिल्या दिवशी त्यांचा तो अधू पाय सारखा क्लच शोधायला उठायचा. शेवटी मी खाली वाकून तो हातानेच सीटखाली सरकवला. आबा रडले. नंतर चालवायला लागले.

मी म्हणालो, हे मला सांगता आलं असतं. मी काय हसलो असतो त्यांना?

ती मग म्हणाली, "मी सांगणारच होते. त्यांनीच हात जोडले. म्हणाले, सूनबाई, त्याला तेवढं कळू देऊ नका. पोरं ऐकत न्हाईत, नातवंडं ऐकत न्हाईत. माझं खरं मानणारा हा एकटाच ऱ्हायलाय. हा बी शहाणा झाला, तर मग मी आबा कुणाचा?"