पाच मिनिटं हात लावू नये

“वहिनी, धावा! हृदय थांबलं!”

भाऊजी मधल्या खोलीतून असे ओरडले की माझ्या हातातलं चहाचं भांडं निम्मं शेगडीत उलटलं. धावत गेले तर सासूबाई खाटेवर धडधाकट बसून माळ ओढत होत्या. मला बघून म्हणाल्या, “माझं नाही गं. त्याच्या त्या कपाटाचं.”

कपाट म्हणजे फ्रीज. दार उघडलं की आतला दिवा लागत होता, पण खालून जी घरघर यायची ती बंद होती. भाऊजी जमिनीवर पालथे पडून त्याच्या पोटाखाली बघत होते. “कॉम्प्रेसर, वहिनी! हा काळा डबा दिसतो ना, तो फिरत नाही. हा फिरला नाही तर सगळं संपलं!”

एरवी मी दुर्लक्ष केलं असतं. पण आत सासूबाईंच्या इन्सुलिनच्या सहा बाटल्या होत्या. मे महिना होता. औषध बोटीनं यायचं, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, “पुढचा माल यायला महिना लागेल. या सहा जिवापाड जपा. उकाड्यात राहिल्या तर औषधाचं पाणी होईल.” सासूबाईंना रोज सकाळी त्याची सुई लागायची. औषध गेलं की सासूबाई गेल्या, इतका साधा हिशेब होता.

आणि तो फ्रीज भाऊजींच्या हातात सापडला होता. माझा हा धाकटा दीर म्हणजे जगातली कुठलीही चालती वस्तू अर्ध्या तासात बंद पाडणारा माणूस. इतका प्रेमळ आणि इतका नासका हात मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही. विमा कचेरीत ते कारकून होते, पण खिशात टाकाऐवजी पेचकस असे. “जरा बघतो,” एवढंच ते म्हणत. मुलुंडमधल्या आमच्या आळीत ते शब्द ऐकले की बायका शिवणयंत्रावर चादर टाकीत आणि पुरुष हातातलं घड्याळ काढून खिशात घालीत. शेजारच्या आप्पांना ते सुचलं नाही. भाऊजींनी त्यांचं भिंतीवरचं घड्याळ उघडलं, पुसलं, मिटलं. दोन स्क्रू उरले. “जास्तीचे होते,” म्हणाले. त्यानंतर ते घड्याळ फक्त उताणं ठेवलं तरच चाले. आप्पांनी ते खाटेवर निजवलं, आणि त्यांच्या घरी वेळ बघायची तर तान्ह्या मुलाला बघतात तसं वाकून बघावं लागे.

एकदा आम्ही एका घरी समाचाराला गेलो होतो. घरातला कर्ता माणूस गेलेला, बायका रडताहेत, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर दार करकरतंय. भाऊजी पाच मिनिटं तोंड पाडून बसले. मग हळूच उठून त्यांच्याच स्वयंपाकघरातून खोबरेल तेलाची वाटी घेऊन आले. बिजागरीला तेल लावायला म्हणून दार उतरवलं, ते परत चढेना. तेरा दिवस त्या घराला दार नव्हतं. त्या घरची विधवा पुढे मला म्हणाली, “तेवढंच हसले हो मी त्या दिवसांत.”

लग्न नाही झालं त्यांचं. मुलगी बघायला गेले तर पोह्यांना उशीर झाला म्हणून आत जाऊन स्टो बघू लागले. घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, “कशी वाटली?” म्हणाले, “वॉशर गेलाय.”

मात्र या माणसाच्या हाताची एक गोष्ट मी अजून सांगितली नाही. आईला सुई तेच देत. रोज पहाटे काचेची सिरिंज उकळायची, बाटली दोन तळव्यांत फिरवून औषध ओढायचं आणि सुई टोचायची. सासूबाईंना कळायचंसुद्धा नाही. मी एकदा करून पाहिलं होतं तर त्यांनी पूर्ण आळी गोळा केली होती. फ्रीजही भाऊजींनी त्यांच्यासाठीच आणला. ठाण्याला एक साहेब विलायतेला परत चालला होता, त्याच्या बंगल्यातल्या सामानात हा मिळाला. बैलगाडीत फ्रीज उभा, आणि शेजारी भाऊजी त्याच्या कमरेला मिठी मारून. नवरी आणल्यासारखी वरात आली. सासूबाईंनी त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. मी माझ्या दोन जुन्या लुगड्यांची जाड गोधडी शिवून त्याला घातली. डोक्यापासून जमिनीपर्यंत, चारी बाजूंनी, पाठीमागे नाड्या. घरात तेवढी एकच किमती वस्तू, तिच्यावर धूळ कशाला आणि येणाऱ्याची नजर तरी कशाला.

त्या सकाळी आधी समोरून वर खोचलेली ती गोधडी भाऊजींनी ओरबाडून माझ्या अंगावर फेकली आणि कामाला लागले. प्लग काढला, घातला. फ्रीज “ऊंऽऽ” करून कण्हला, आणि पोटातून आवाज आला, “टक्.” गप्प.

“कण्हतोय! म्हणजे जीव आहे!” भाऊजी नाचलेच.

पुन्हा बटण बंद, पुन्हा चालू. ऊंऽऽ, टक्. वीज कमी येते असं वाटून त्याच प्लगात टेबलाचा दिवा लावून पाहिला, तो लख्ख लागला. फ्रीज वाकडा उभा आहे म्हणून पायाखाली वर्तमानपत्राची घडी सारली. ऊंऽऽ, टक्. रॉकेलचं नरसाळं कानाला लावून डबा ऐकला. आणि प्रत्येक खेपेला दार उघडून आत हात घालीत. “अजून गार आहे, अजून गार आहे!” म्हणत, आणि तेवढा गारवा बाहेर सोडीत.

मी सरळ त्यांना बाजूला सारलं, सहाही बाटल्या काढल्या, डब्यात घातल्या, डबा ओल्या फडक्यात गुंडाळून पाण्याच्या माठावर ठेवला.

“दोन वर्षं माझं औषध माठावरच होतं की,” सासूबाई म्हणाल्या.

“आई, तेव्हा एक बाटली यायची, आठवड्यात संपायची! या सहा महिनाभर टिकवायच्यात! माठाचा काय भरवसा?” आणि पुन्हा बटण. ऊंऽऽ, टक्.

आमचे हे आठ वाजता “माझं कचेरीत काम आहे” म्हणून निघून गेले. जाताना हातातलं घड्याळ खिशात घातलं. भाऊजींनी रजा टाकली. नऊ वाजता आप्पा आले. त्यांनी खुर्ची ओढून घेतली, सुपारी कातरत दहा-बारा वेळा ऊं-टक् ऐकलं आणि म्हणाले, “माझ्या घड्याळासारखा याला उताणा करून बघा.”

ते टोमणा मारत होते. भाऊजींचे डोळे मात्र चमकले. “आप्पा! झकास! तुम्ही डोकं धरा, मी पाय धरतो!”

“अहो, मी गंमत केली हो!”

पण भाऊजींनी फ्रीज एका बाजूनं उचललासुद्धा. मी मधे जाऊन उभी राहिले. “आधी मला उताणी करा, मग त्याला,” म्हटलं. ते म्हणतात, “सरका वहिनी, आईच्या जिवाचा प्रश्न आहे!” मी म्हणते, “म्हणूनच सरकत नाही!” आप्पा म्हणतात, “माझा पाय सापडलाय हो, माझा पाय!” असा सगळा गोंधळ चालला होता, तेवढ्यात खाटेवर तांब्या आपटल्याचा आवाज झाला.

“पाणी दे गं,” सासूबाई म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे पाहिलं. तो त्यांचा तिसरा तांब्या होता. ओठ सुकले होते. मला तेव्हा कळलं.

“अरे,” सासूबाई शांतपणे म्हणाल्या, “त्या कपाटाचं हृदय चालू होईपर्यंत माझं चालू ठेवायचं आहे ना? साडेनऊ झाले. माझी सुई कुठाय? पहाटेपासून उपाशी बसलेय मी.”

ज्या औषधासाठी चार तास आकांत मांडला होता, ते त्यांना द्यायचंच आम्ही विसरलो होतो. मीही विसरले होते, ते मी नाकारत नाही. सहा बाटल्या वाचवायच्या नादात बाई मारली असती.

भाऊजींचा चेहरा उतरला तसा मी पुन्हा कधी पाहिला नाही. त्यांनी पेचकस खाली ठेवला. फ्रीज होता तसा सोडून, बटणसुद्धा चालूच ठेवून, ते मोरीवर गेले आणि कोपरापर्यंत हात धुतले. सिरिंज उकळली. बाटली तळव्यांत फिरवली. चार तास सैरभैर झालेले ते हात खाटेपाशी येताच देवळातल्या समईसारखे स्थिर झाले. सुई दिली. मग अर्धा तास आईजवळ बसून राहिले. मी भाकरी केली, भाजी वाढली, सासूबाई जेवू लागल्या. आप्पा पाय चोळत होते.

आणि फ्रीजची घरघर सुरू झाली.

आपसूक! कुणी हात लावला नव्हता. आधी कण्हला, मग टक् न करता तसाच चालत राहिला. भाऊजी ताडकन उठले. “जरा बघ—”

सासूबाईंनी खरकट्या हातानं त्यांचं मनगट पकडलं. “हात लावशील तर खबरदार!”

भाऊजी दोन्ही हात पाठीमागे घेऊन फ्रीजसमोर उभे राहिले आणि बघत राहिले. डोळ्यांत पाणी होतं. घामही असेल.

दुपारपर्यंत त्यांनी आळीभर सांगितलं की ही करामत वर्तमानपत्राच्या घडीची. मी बाटल्या परत आत ठेवल्या, गोधडी झटकून पुन्हा घातली, नाड्या बांधल्या. चारच्या सुमारास फ्रीज परत गप्प. भाऊजी धावायच्या आत मी पाठीमागे हात घातला. तव्यावर हात पडल्यासारखा चटका बसला. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मे महिन्यात मला कुणी गोधडीत बांधून पळायला लावलं असतं तर मीही टक् केलं असतं. आत गारवा ठेवायचा तर यंत्र आपली आग पाठीनं बाहेर टाकतं, आणि ती पाठच मी बांधून टाकली होती. तापून ते थांबायचं, आणि निवायच्या आत भाऊजी त्याला परत उठवायचे. मी गोधडी काढली, भाऊजींना खुर्चीत बसवलं आणि समोर बसून पहारा केला. पाच मिनिटांनी घरघर सुरू झाली.

“चूक माझी आहे,” मी सरळ सांगितलं.

पण रात्री हे घरी आले तेव्हा भाऊजीच आधी म्हणाले, “दादा, गोधडी घालायला मीच सांगितलं होतं वहिनींना.” आप्पांनाही तेच सांगितलं. मी किती वेळा खरं सांगितलं, कुणी विश्वास ठेवला नाही. बिघाड म्हटला की तो भाऊजींचा, हे आळीत ठरलेलंच होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कचेरीतल्या सुंदर अक्षरात एक कागद लिहून फ्रीजला चिकटवला: “बंद पडल्यास वेष्टन काढावे. पाच मिनिटे कोणीही हात लावू नये. विशेषतः मी.”

पाच मिनिटं त्यांनी कधी पाळली नाहीत. दोन मिनिटांवर त्यांची बोटं वळवळू लागत.

पुढे ते गेले ते अचानक. कचेरीतून आले, चपला काढल्या, “वहिनी, जरा पडतो” म्हणाले. डॉक्टर आले तोवर काही करण्यासारखं उरलं नव्हतं. त्यानंतर सुई मी देऊ लागले. सासूबाई आता ओरडत नसत, पण रोज म्हणत, “त्याचा हात हलका होता.” मी म्हणे, “होता. तुमच्यापुरता.” फ्रीजला पुढे दोनदा रंग दिला. दोन्ही वेळा रंगाऱ्याला मी तो कागद सोडून रंगवायला लावलं.

त्या मे महिन्यातून सासूबाई वाचल्या आणि नंतर अकरा वर्षं जगल्या. भाऊजी चार.