दंडाला बांधलेला रिमोट

जमील शेख भद्रकालीतल्या चिमाजींच्या कारखान्यात एकतीस वर्षं तांब्या-पितळेची भांडी मठारतो. मठारणं म्हणजे घडवलेल्या भांड्यावर हातोडीने शेजारी शेजारी ठोके मारत जाणं. त्याने पत्रा घट्ट होतो आणि भांड्यावर ती चमकती टिकल्यांची ओळ उमटते. बघायला सोपं वाटतं. आंघोळीच्या पाण्याच्या एका मोठ्या घंगाळाला पाच-सहा हजार ठोके लागतात आणि प्रत्येक ठोका आधीच्या ठोक्याला चिकटून बसावा लागतो.

एवढे ठोके कोणी खांद्याने मारत नाही. मारले तर दुपारपर्यंत हात गळून पडेल. मुरलेला कारागीर हातोडी मनगटातून सोडतो, ती पत्र्यावरून आपोआप उसळते, तो तिला फक्त दिशा देतो. जमीलचं मनगट या कामात इतकं तयार होतं की लांबून पाहणाऱ्याला हात हलतो आहे हेही कळू नये. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

मे महिन्यात द्वारका चौकाजवळ त्याची स्कूटर घसरली. उजव्या दंडाचं हाड चिरलं. हात महिनाभर झोळीत राहिला. हाड जुळलं, पण खांदा आखडला. हात पुढे करून जेमतेम पोटापर्यंत यायचा, त्याच्या वर नाही.

चिमाजी भला माणूस आहे, पण कारखाना चालवायचा असतो. जुलैमध्ये ते जमीलच्या घरी येऊन म्हणाले, "जमील, खंडेनवमीला सगळ्या हातोड्या पूजेला मांडतो. तोवर तुझ्या जागेवर कोणी बसणार नाही. त्याच्या आत येऊन मला एक घंगाळ मठारून दाखव. नाही जमलं तर पूजेनंतर दुसरा माणूस बसवतो."

एकतीस वर्षांची जागा. खिडकीखाली, डाव्या अंगाने उजेड येणारी. जमीलला दुसरं काही येत नव्हतं आणि शिकायचंही नव्हतं.

मी सातपूरला एका कारखान्यात फिटर होतो. निवृत्त झाल्यावर गुडघ्याने दगा दिला, म्हणून शरणपूर रोडवर तेजश्री नावाच्या मुलीच्या व्यायाम-उपचाराच्या दवाखान्यात जायचो. जमील माझ्याच गल्लीतला. त्यालाही मीच तिथे नेलं.

तेजश्रीकडे भिंतीवर मोठा टीव्ही होता आणि खाली व्हिडिओ गेमचा एक जुना संच. हातात पांढरा, लांबट रिमोट धरायचा आणि टेनिसच्या बॅटसारखा फिरवायचा. पडद्यावरचा बाहुला तसाच चेंडू मारतो. पेशंटला व्यायामाचा कंटाळा येतो, खेळाचा येत नाही, असं तिचं म्हणणं. शेजारी फळा होता. त्यावर ज्याने जास्त सामने जिंकले त्याचं नाव वर.

पहिल्या दिवशी जमील लाजला. "या वयात पोरांचा खेळ?"

"चाचा, हात खांद्यापर्यंत उचलून फिरवायचा. चेंडू गेला की मी टाळी वाजवीन," तेजश्री म्हणाली.

आठवड्याभरात तो फळ्यावर पहिला आला. दुसऱ्या आठवड्यात बाहुल्यांतला सगळ्यात तरबेज गडी त्याने हरवला. समोरच्या बाकावरच्या बायका कंबरेचे पट्टे बांधलेल्या तशाच उभ्या राहून बघायच्या. तेजश्री एका वेळी सहा पेशंट सांभाळायची. ती फळ्याकडे बघून खूश व्हायची. जमील मला म्हणाला, "नाना, महिन्याभरात घंगाळ वाजवतो बघा."

ऑगस्ट संपता संपता मी त्याच्या घरी चहाला गेलो होतो. त्याची बायको गुलजारबी ओट्याशी उभी होती. तिने त्याला वरच्या फळीवरचा साखरेचा डबा काढायला सांगितला. त्याने डावा हात वर केला.

"भाभी, उजव्याला सुट्टी?" मी विचारलं.

"त्याला कायमचीच सुट्टी आहे," ती म्हणाली. "तिकडे म्हणे टेनिसचे बादशहा. इकडे कुर्ता घालायला मी लागते. नाना, तुमच्या त्या टीव्हीवाल्या बाहुल्यालाच कारखान्यात पाठवा, तोच कमावून आणील."

जमील हसला नाही. मी त्याला भिंतीशी उभं केलं, उजवा हात जाईल तेवढा वर न्यायला लावला आणि बोटांच्या टोकाशी पेन्सिलीने रेघ मारली. छातीच्या बरीच खाली. दीड महिन्यात हात चार बोटंसुद्धा वर सरकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी माझा व्यायाम सोडून त्याचा खेळ बघत बसलो. फळा बघितला नाही, पडदा बघितला नाही, फक्त कोपर बघितलं. कोपर बरगडीला चिकटलेलं होतं. चेंडू आला की मनगट एक इंच हलायचं. टक. चेंडू पलीकडे. टक. सामना संपला. तो टेनिस खेळतच नव्हता, मठारत होता.

यात लबाडी नव्हती. त्याचं मनगटच तसं घडलं होतं. कमीत कमी हालचालीत काम काढायचं हे त्याला एकतीस वर्षं शिकवलं गेलं होतं, आणि यंत्राला तेवढं पुरत होतं. त्या रिमोटमध्ये डोळ्याला न दिसणारं बारीकसं वजन असतं. झटका बसला की ते हलतं आणि त्यावरून यंत्र फटका ओळखतं. झटका खांद्यातून आला की मनगटातून, ते त्याला कळत नाही.

आमच्या कामात मापाचा काटा चुकीच्या जागी लावला तर वाकडा शाफ्टही सरळ दिसतो. तेव्हा काट्याला शिव्या देऊन उपयोग नसतो. त्याची जागा बदलायची.

मी तेजश्रीला बोलावून कोपर दाखवलं. तिने दोन सामने फक्त कोपर बघितलं. मग म्हणाली, "नाना, माझी चूक. मी आकडे बघत राहिले."

"आकड्याला दोष नाही. रिमोट हातातून काढ आणि दंडाला बांध."

तिने पट्टा आणला आणि रिमोट कोपराच्या वर, दंडावर घट्ट बांधला. "चाचा, आता मनगट कितीही हलवा. दंड उचलून फिरवल्याशिवाय चेंडू जायचा नाही."

पहिला चेंडू आला. जमीलचं मनगट हललं. पडद्यावरचा बाहुला उभाच राहिला. दुसरा चेंडूही तसाच गेला. पंधरा मिनिटांत तो चार सामने हरला. बाकावरची एक बाई म्हणाली, "आज चाचा दमले वाटतं."

जमीलने पट्टा काढून टेबलावर टाकला. बाहेर पायऱ्यांवर मला म्हणाला, "नाना, तुमचं काय बिघडलं होतं? फळ्यावर तरी पहिला होतो."

"फळ्याला घंगाळ मठारायचं आहे का?"

तो चार दिवस आला नाही. पाचव्या दिवशी आला तो थेट फळ्याकडे गेला, डाव्या हाताने आपलं नाव पुसलं आणि तेजश्रीपुढे दंड धरला. "बांध, बेटा."

पुढचे दिवस सांगण्यासारखे नाहीत. दुखायचं. ओठ मिटून उभा राहायचा, दंड एक बोट वर न्यायचा, घाम पुसायचा. सकाळी दवाखाना, संध्याकाळी घरी भिंतीवरच्या रेघेपाशी वीस वेळा. गुलजारबी मोजायची. एकोणीसला थांबला तर म्हणायची, "मला गणती येते." रेघेवर रेघ चढत गेली. कधी दोन दिवस एकाच जागी थांबली. एकदा खालीही आली. सप्टेंबरअखेर त्याने एक सामना जिंकला, सगळ्यात कच्च्या बाहुल्याविरुद्ध. तेजश्रीने नाव लिहायला खडू उचलला. तो म्हणाला, "राहू दे."

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं कारखान्यात गेलो. त्याची जागा रिकामी होती, त्याची हातोडी तिथेच ठेवलेली. चिमाजींनी मोठं घंगाळ लोखंडी खुंटावर उपडं चढवलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. घंगाळाच्या खालच्या ओळी मनगटावर निघतात. पण बुडाकडच्या ओळी बसलेल्या माणसाच्या छातीच्या वर येतात. तिथे कोपर खांद्याच्या रेषेत उचलावंच लागतं. नाही उचललं तर हातोडी तिरपी पडते आणि तिची कड तांब्यात रुतून चंद्रकोरीसारखी खाच उमटते. यंत्र फसलं होतं. तांबं फसत नाही.

खालच्या ओळी जमीलने झरझर काढल्या. आसपासचे कारागीर आवाज ओळखून हसले. मग त्याने कोपर उचललं. हळू गेलं, पण गेलं. वरची पहिली ओळ पूर्ण झाली. दुसरी झाली. तिसऱ्या ओळीत निम्म्यावर ठोक्याचा आवाज बदलला.

जमीलने हातोडी खाली ठेवली. "शेठ, खाच पडली. आता उचलत नाही. हात ओढून ठोके मारले तर सगळं घंगाळ खराब होईल."

चिमाजींनी चष्मा चढवला आणि दोन्ही पूर्ण ओळींवरून अंगठा फिरवला. सावकाश, गोल, पूर्ण फेरा. मग तिसरीवरून. खाचेपाशी अंगठा थांबला.

"दोन ओळी साफ आहेत," ते म्हणाले.

"दोनच आहेत."

"आज दोन. रोज वरच्या दोन ओळी काढ. बाकी वेळ तांबे, पेले, जे मनगटावर होईल ते. आणि तिसरी ओळ यायला लागली की मला सांग. खाच पडल्यावर तू स्वतः थांबलास म्हणून म्हणतोय. न सांगता पुढे गेला असतास तर जागेवरून उठवलं असतं."

दुसऱ्या दिवशी पूजेत त्याची हातोडी बाकीच्यांच्या रांगेत होती, हळद-कुंकू लावलेली. गुलजारबीने पेढे पाठवले होते.

डिसेंबरमध्ये त्याची तिसरी ओळ येऊ लागली. चौथी अजून नाही. दंडाला रिमोट बांधून तो आजही आठवड्यातून दोनदा टेनिस हरतो.

ते घंगाळ मात्र विकलं गेलं नाही. चिमाजी म्हणाले होते, पॉलिशमध्ये खाच निघून जाईल. नाही गेली. आता ते कारखान्याच्या दारात पाणी भरून ठेवलेलं असतं. सकाळी कामावर बसण्याआधी सगळे त्यातच हात धुतात.