अळू म्हणून जे शिजलं

आमच्या घरी अळूचं फदफदं का होत नाही, याचं खरं कारण मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

मयूर विहारच्या आमच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटमागे टॉवेलभर बाग आहे. एका पावसाळ्यात तिथे मोठ्या पानांचं एक झाड दिसू लागलं. आई तेव्हा नाशिकहून नुकतीच आमच्याकडे कायमची राहायला आली होती.

"अळूसारखं दिसतंय," ती म्हणाली, "पण शोभेचंही असंच असतं."

मी फोनवर फोटो काढला. फोन म्हणाला, अळू. जरा बाजूला सरकून पुन्हा काढला, तर फोनचं मत बदललं.

"बाबा, छोडो ना," मुलगी म्हणाली. "पिझ्झा मागवू."

पण शनिवारी ऑफिसातले कुलकर्णी सहकुटुंब जेवायला येणार होते आणि आईने फदफद्याचा बेत जाहीर केला होता. नव्या गावात तिला दाखवायला तिचा हात तेवढा होता. त्यात शनिवारचा तिचा उपास, म्हणजे चव बघणं बंद.

"हे एक पान शिजवलंय," सकाळी तिने वाटी माझ्यासमोर ठेवली. "खा आणि थोडं थांब. घसा खवखवला तर सगळं फेकून देऊ."

आता कबूल करतो. मला अळू लहानपणापासून आवडत नाही (हेही तिला माहीत नाही). आई वळली आणि वाटी मी सिंकमध्ये रिकामी केली.

"काय रे?"

"उत्तम. काही होत नाही."

दुपारी पहिल्या घासाला कुलकर्णी "वा" म्हणाले. दुसऱ्या घासाला त्यांचा आवाज बसला. त्यांच्या बायकोने हळूच विचारलं, "वहिनी, ताक आहे का हो?" आमच्या मुलीने तर सरळ जीभ बाहेर काढून पंख्याकडे धरली.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "खवखवतंय का? पण यानं तर सकाळी खाऊन बघितलं."

सगळे माझ्याकडे बघू लागले.

"मला तर काहीच होत नाहीये," मी म्हणालो, आणि ते सिद्ध करायला आणखी एक वाटी घेतली. घशातून काथ्या ओढावा तसं झालं. डोळ्यांतून पाणी आलं. आईच्या हातची चव आठवली की मला असंच होतं, असं मी खुणेने सांगितलं.

"चिंच कमी पडली असेल," कुलकर्णीबाई समजूतदारपणे म्हणाल्या. "वय झालं की अंदाज चुकतो."

"असेल," आई म्हणाली, आणि आत गेली.

दोन दिवसांनी वरच्या खन्ना आंटी जिन्यात भेटल्या. "भाईसाहब, मेरा शो वाला पौधा किसने काट लिया? ऊपर धूप तेज़ थी, इसलिए आपके यहाँ लगाया था."

"बंदर होंगे जी," मी म्हणालो. आवाज अजून बसलेलाच होता.

तेव्हापासून पाहुणे आले की आई ओट्यापाशी जात नाही. बाहेरून मागवा म्हणते. आणि घरातल्या प्रत्येक आमटीत दुप्पट चिंच घालते. ती आमटी मी मुकाट्याने ओरपतो. बायकोला वाटतं, काय मातृभक्त नवरा आहे.

हे सगळं मी इथे लिहू शकलो, कारण एवढी बारीक अक्षरं आईला वाचता येत नाहीत. तिच्यासमोर बसून, तोंडाने, "तुझा अंदाज चुकला नव्हता" एवढं सांगणं अजून बाकी आहे.