लिंबांवरून काढलेली गाडी

मागच्या आठवड्यात मधल्या सुट्टीत एका सहकारी शिक्षकाने मला विचारलं, मुलगा अठरा वर्षांचा झालाय, टर्बो इंजिनाचीच गाडी हवी म्हणून हटून बसलाय, घेऊन देऊ का? विचारलं मला, पण बघितलं माझ्या डाव्या गुडघ्याकडे. स्टाफरूममधल्या बाकीच्यांनीही डबे खाता खाता तिकडेच बघितलं. आमच्या शाळेत हा विषय निघाला की हल्ली माझ्या गुडघ्याची साक्ष काढतात. मी ताबडतोब सांगून टाकलं, मुळीच नको, पहिली गाडी मरतुकडीच असावी, चढावर दम लागणारी. सगळे हसले, त्याचं समाधान झालं, घंटा झाली. मला मात्र पुढचे दोन तास चैन पडेना. फळ्यावर सोपा भागाकार चुकवला आणि चूक दाखवणाऱ्या मुलीवरच डाफरले. त्या शिक्षकाला उत्तर मी बरोबर दिलं होतं. पण लोक ज्या कारणासाठी ते मान्य करतात ते कारण खरं नाही, आणि खरं कारण मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

आम्ही मूळचे खानदेशातले. सासरे लूम चालवायला सुरतेला आले, नवऱ्याने पुढे बमरोलीत स्वतःचे लूम टाकले, मी लिंबायतच्या मराठी शाळेत शिकवते. आमची रो-हाऊसची सोसायटी आहे. एका घरात आम्ही नवरा-बायको आणि एकुलती एक मुलगी, भिंतीला भिंत लागून दुसऱ्या घरात धाकटे दीर. दिरांचा टेम्पो आहे. बमरोलीहून कापडाचे ताके भरून मार्केटला नेण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. घराण्यात पहिल्यांदा स्टिअरिंग हातात धरलं ते त्यांनी. त्यामुळे आमच्याकडे एक रीतच पडून गेली आहे. नवी गाडी आली की पूजा करायची, प्रत्येक चाकाखाली एक लिंबू ठेवायचं, आणि लिंबांवरून गाडी काढायची ती दिरांनी. नवऱ्याची पहिली मोटारसायकल त्यांनीच काढली. मी चाळिशीत हौसेने शिकून घेतलेली माझी छोटी गाडीसुद्धा लिंबांवरून त्यांनीच काढली. मी कडेला कुंकवाचं ताट धरून उभी होते. गाडी माझी होती, हे कुणाच्या मनातही आलं नाही. तेव्हा मी काही बोलले नाही, पण विसरलेही नाही.

मुलगी अठराची झाली, इंजिनिअरिंगला लागली. लायसन्स तर पहिल्या फटक्यात मिळवलं. त्या परीक्षेच्या ट्रॅकवर गाडी मागे घेताना भलेभले नापास होतात, ही हसत बाहेर आली. तिला गाडी हवी होती, आणि साधी नको होती. मोबाइलवर सतत कुठली गाडी किती सेकंदांत शंभर गाठते ते बघत बसायची आणि जेवताना बापाला समजावून सांगायची. बाप पाघळला. त्याचं म्हणणं असं, की इंजिनात जोर असला की हायवेवर ट्रकच्या मागे अडकून पडायला नको, झटकन पुढे निघता येतं, उलट तीच गाडी जास्त सुरक्षित. हे तिनेच त्याच्या डोक्यात भरवलं होतं. खरं म्हणजे स्वतःच्या अठराव्या वर्षी तो सायकलवर दोन लूमवाल्यांकडे पाळ्या करत होता, त्याचं उट्टं त्याला काढायचं होतं.

माझा साफ नकार होता. मी त्याला त्याच्याच धंद्यातलं विचारलं. गावाकडून आलेला नवा कारीगर पहिल्याच दिवशी वेगाच्या मशीनवर उभा करतोस का? कोपऱ्यातल्या खडखड्या जुन्या लूमवर त्याला वर्षभर घासतोस ना? धागा तुटला की हाताला कळायला हवं, डोळ्याला दिसायच्या आधी, असं कारीगरांना तूच सांगतोस. मग पोरीच्या पायाला रेस आणि ब्रेक कळायच्या आधी हे रॉकेट कशाला? तो पेपर वाचायला लागला. दोन महिने हेच चाललं. पोरगी माझ्याशी तुटक बोलायची. मी म्हटलं, बोलू दे; तिला सांगितलं, माझी जुनी गाडी चालव वर्षभर, मग बघू. मी जिंकत आले होते.

आणि मग एका रविवारी दीर चहाला आले. गाडीचा विषय निघाला. त्यांनी आधी नीट ऐकून घेतलं, मग आपल्या अहिराणीत सावकाश सांगायला लागले, की पहिल्या वर्षी हलकी गाडी बरी, चूक झाली तरी ती माफ करते, जड आणि पळणारी गाडी माफ करत नाही. हे अगदी माझंच म्हणणं होतं. मी मान डोलवत होते. तेवढ्यात ते शेवटी म्हणाले, "आनि वहिनी, पोरगीनी जातले इतली पयनारी गाडी कसाले? पोऱ्या ऱ्हाता ते गोट न्यारी व्हती."

पोरीच्या जातीला पळणारी गाडी कशाला, पोरगा असता तर गोष्ट वेगळी, हे ऐकायला मुलगी समोरच बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं. माझ्या गाडीखालची चार लिंबं आठवली, हातातलं ताट आठवलं. दोन महिने मी ज्या गोष्टीला नाही म्हणत होते, तिला चहाचा कप खाली ठेवून एका वाक्यात हो म्हणून टाकलं. "घ्यायची तर तीच घ्यायची. सगळ्यात जोराची." नवऱ्याने पेपर खाली केला. मुलीने येऊन मला मिठी मारली. दीर कप उचलून मोरीत ठेवून आले. दिरांच्या सांगण्यात चार गोष्टी शहाणपणाच्या होत्या आणि एक चुकीची. मी चुकीची तेवढी उचलली आणि तिच्यापायी गाडी घेतली.

त्यानंतरचे दिवस मला स्वस्थता नव्हती. नवऱ्याबरोबर शोरूममध्ये गेले, तिथल्या पोराने गाडी चालवून दाखवली तेव्हा पाठ सीटला चिकटली. घरी आल्यावर वाटलं, अजून वेळ आहे, नको म्हणावं. मग भिंतीपलीकडून दिरांचा खोकला ऐकू आला, आणि मी तशीच गप्प बसले. रंग पोरीने निवडला, लाल.

पूजेच्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला गल्लीत निम्मी सोसायटी जमली. मी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार घातला, नवऱ्याने नारळ फोडला. दिरांनी रीतीप्रमाणे चार चाकांखाली चार लिंबं ठेवली, हात झटकले आणि दाराच्या मुठीला हात घातला. त्यांच्या मनात काहीच नव्हतं, दरवेळी करायचे तेच करत होते. मी म्हटलं, "भाऊजी, थांबा. गाडी तिची आहे, तीच काढेल." मी हे जरा मोठ्याने म्हटलं. ते क्षणभर थांबले, मग हसून बाजूला झाले, खिशातून मोबाइल काढला आणि व्हिडिओ घ्यायला उभे राहिले. मुलगी गाडीत बसली. दीर तिला म्हणाले, बेटा, हळू काढ हां.

मी गाडीच्या समोर, थोडी डावीकडे, ताट घेऊन उभी होते. बाजूला व्हायला हवं होतं, हे मलाही कळत होतं. पण मला तिला हात करून "ये" म्हणायचं होतं. आज मी कडेला उभी राहणार नव्हते.

मी हात केला. गाडी हळू निघाली नाही. ती उसळली. लिंबं फुटल्याचा आवाज झाला की नाही आठवत नाही, ताट उडालेलं आठवतं. बंपर माझ्या गुडघ्याला लागला, मी समोरच्या घराच्या ओट्यावर आदळले आणि गाडी ओट्याची कड फोडून थांबली. एवढंच झालं. आणखी हातभर पुढे आली असती तर हे लिहायला मी नसते. काचेतून मला मुलीचा चेहरा दिसला. दोन्ही हात स्टिअरिंगवर, तोंड उघडं, आवाज नाही.

सगळ्यांत आधी धावले ते दीर. मोबाइल कुठे टाकला त्यांनी देव जाणे. "वहिनी, हालू नका, हालू नका," म्हणत त्यांनी मला उचलून माझ्या जुन्या छोट्या गाडीत मागच्या सीटवर आडवं केलं आणि दवाखान्यात नेलं. वाटेत एकही खड्डा त्यांनी मला जाणवू दिला नाही. सांगितलं होतं ना, असं ते त्या दिवशी म्हणाले नाहीत, नंतरही कधी म्हणाले नाहीत. एकदा म्हणाले असते तर मी भांडून मोकळी झाले असते. त्यांच्या त्या गप्प राहण्यानेच मला जास्त जाळलं.

गुडघ्याखाली हाड चिरलं होतं. दीड महिना प्लास्टर. त्या दीड महिन्यात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने एकच निकाल दिला: गाडीच वाईट. नवशिक्या पायाखाली एवढा जोर, पोरगी घाबरली, ब्रेकऐवजी रेस दाबली गेली. मीही तेच सांगत राहिले. स्टुलावर पाय ठेवून मी दिवसभर धुमसायचे. आधी गाडीवर, मग नवऱ्यावर, मग शोरूमच्या त्या गुळगुळीत पोरावर, मग दिरांच्या त्या एका वाक्यावर. पडल्या पडल्या तेवढाच उद्योग होता मला. मुलगी माझं सगळं करायची, केस विंचरायची, जेवायला वाढायची, पण गाडीचं नाव काढायची नाही. कॉलेजला बसने जायला लागली. लाल गाडीवर राखाडी कव्हर आलं. मोबाइलवर गाड्या बघणंही बंद झालं, आणि ते मला सगळ्यात जास्त टोचलं. पोरगी आयुष्यभर गाडीच्या दाराला हात लावणार नाही आणि त्याला मी कारण, हे मला सहन होत नव्हतं.

प्लास्टर निघाल्यावर पायाच्या व्यायामासाठी दवाखान्यात जावं लागायचं. मी हट्ट धरला, माझ्या जुन्या गाडीतून तू मला नेशील. ती नाही म्हणाली. मी किल्ली तिच्या पुढ्यात ठेवली आणि लंगडत जाऊन डावीकडच्या सीटवर बसून राहिले. ऊन वाढत गेलं. अर्ध्या तासाने ती आली. गाडी गल्लीतच तीनदा बंद पडली. बमरोलीच्या रस्त्याला लागलो, ताक्यांनी भरलेल्या टेम्पोंच्या मागून ती तिसऱ्या गिअरवर चालवत राहिली. मी तिला धीर द्यायला म्हटलं, त्या गाडीचा पिकअपच तसला होता, तुझी काही चूक नव्हती, पाय चुकला एवढंच.

तिने पुढच्या टेम्पोपासून अंतर वाढवलं. मग म्हणाली, "मम्मी, पाय नव्हता चुकला."

मला कळेना.

"काका मोबाइल धरून हळू काढ म्हणाले ना, तेव्हा मी ठरवलं की जोरात काढायची. त्यांना दाखवायचं होतं. रेस मी जाणूनबुजून दाबली. तू बाजूला होशील असं वाटलं मला. तू नेहमी बाजूला होतेस ना." ती रडत नव्हती. इंडिकेटर द्यायला ती विसरली नाही, वळणही नीट घेतलं.

दीड महिना मी ज्यांना ज्यांना दोष दिला ते सगळे एकेक करून डोळ्यांपुढून गेले, आणि शेवटी चहाचा कप खाली ठेवणारी मी राहिले. रेस तिने गल्लीत दाबली, मी ती रविवारीच दाबली होती. तीही त्याच माणसाला दाखवायला, ज्याने पुढे मला उचलून नेलं. मला तिच्यावर रागवायचं होतं, रागवायला तोंडच नव्हतं. मी एवढंच म्हणाले, "मीही त्यांना दाखवायलाच घेतली ती." तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा समोर.

तेवढ्यात एक बाइकवाला डावीकडून घुसला, आम्हाला कट मारून पुढे गेला आणि मागे वळून हसला. मुलीने शांतपणे वेग कमी केला आणि त्याला जाऊ दिलं. मी खाली बघितलं. माझा उजवा पाय समोरच्या रबरी मॅटवर गच्च दाबलेला होता. शेजारी बसलेली माणसं घाबरून ब्रेकच्या जागी पाय दाबतात. माझा त्याहून उजवीकडे होता, रेसच्या जागी.