ॲपमध्ये हिरवं दिसलं आन् बोल्ट तुटला

चुका असतील तर माफ करा, टायपिंग लई हळू हाय माजं.

आज आमच्या टायरच्या दुकानात मोबाईलला जोडलेलं बॅटरीवरचं बोल्ट आवळायचं मशीन पयल्यांदा चालवलं. ट्रकवाला म्हणला, "बोल्टला तेल लाव की, गंजत्यात." माज्या वडलांनी लावलं. मग मशीननं आवळलं, ॲपमध्ये हिरवं दिसलं, म्हंजी बरोबर आवळलं, आन् बोल्ट तुटला.

ट्रकवाल्यानं वडलांच्या तोंडावर बुक्की मारली. रगात आलं. "खेळणं घिऊन गाडी बिगाडतो व्हय रं?" म्हणत पाना उचलला.

मी येरवी कुणाशी बोलत न्हाय, पण मदी शिरून वरडले, "तेलानं बोल्ट सरसर फिरून जादा आवळला! ॲपला तेल कळत न्हाय!" पाना माज्या मनगटावर बसला. मग लोकांनी त्याला धरलं.

मशीन सुक्या बोल्टला बरं हाय, पण शेवटी हातानं तपासावंच लागतंय. तुमी ॲपवर इश्वास ठेवता का?

दिस वंगाळ गेला, पण आत्ताच चांगला फोन आला, अक्कलकोटच्या मावशीला पोरगी झाली.