बाभळीची फळी

सुताराच्या दुकानापुढं ताज्या बाभळीचा वास आला आणि माझा हात मिशीवर गेला.

मी तरणा होतो तेव्हा मोताळ्याकडचं धरण नवं भरलं होतं. मुंबईहून आलेला मेव्हणा म्हणाला, समुद्रात लोक फळीवर पालथे पडून लाटेसंगं काठाला येतात. मी फळी तासायला घेतली, नांगराला लागते त्याच बाभळीची.

"पांगारा घे बे, हलका असते. बाभूळ बुडते," रहीम सुतार म्हणाला.

"जमीन फाडणाऱ्या लाकडानं पाण्याले काऊन भ्यावं? काठाले नाही आलो, तर मिशी उतरवतो."

धरणावर वाऱ्यानं लाट उठली. मी पालथा पडलो, फळी सरळ तळाला गेली. लाटेनं मात्र मला काठच्या चिखलात आणून टाकलं.

"काढ मिशी," रहीम म्हणाला.

"काऊन? काठाले आलो ना?" मी तोंडातला गाळ थुंकत म्हटलं.

जमलेलं गाव हसलं, पण निकाल कोणी दिला नाही. आता रहीम नाही. मिशी पांढरी झाली, पण ती माझी की रहीमची, अजून उमजत नाही.