कोर्बिनियनचं पोट

कोर्बिनियनच्या पोटाला गावात मान होता. बिअरच्या कारखान्यातल्या माणसाला पोट नसेल तर लोक त्याच्या बिअरवरच शंका घेतात. हा हातापायांनी काटकुळा, गाल बसलेले, आणि मधे हे एवढं पोट. जिना उतरताना आधी पोट यायचं आणि मागून कोर्बिनियन. रविवारी चर्च सुटलं की फीटुसच्या गुत्त्यात बापेमाणसं आपल्या ठरलेल्या मेजाभोवती बसत. तिथे लोरेन्झ न्हावी आपला मग खुशाल त्याच्या पोटावर टेकवायचा.

"मेज अपुरं पडतं रे," म्हणायचा.

बायको बुर्गी त्याच्या विजारींना कमरेत तुकडे जोडून जोडून कंटाळली. एक दिवस म्हणाली, "आता पुरे. माझ्याकडचं कापड संपलं."

त्याने घराच्या कोपऱ्यातल्या क्रुसाकडे बघून शपथ घेतली आणि बिअर सोडली. अगदी खरी सोडली. पगाराबरोबर मिळणारे बिअरचे खोके तळघरात तसेच पडून राहू लागले.

आणि पोट वाढतच गेलं.

इथे बुर्गीचं डोकं फिरलं. तळघरातली पीत नाही, म्हणजे कामावर पितो, असा तिने हिशेब मांडला. संध्याकाळी तो दारात आला की ती त्याची मान हुंगायची. दिवसभर भिजलेल्या जवाच्या वाफेत उभ्या राहिलेल्या माणसाच्या घामालाही बिअरचाच वास येणार, हे इतक्या वर्षांच्या संसारात तिला कळायला हवं होतं. पण संशय एकदा नाकात शिरला की कळणं बाहेरच राहतं.

"थेंब नाही घेतला, बुर्गी."

"मग हे काय वाऱ्याने फुगलंय?"

एका रविवारी ती तडक गुत्त्यात शिरली. त्या मेजापाशी बायका जात नाहीत. सगळ्यांसमोर ती फीटुसला म्हणाली, "माझ्या नवऱ्याला जो पाजेल त्याच्या दारात येऊन बोंबलेन. मला सांगतो सोडली, आणि चोरून ढोसतो."

कोर्बिनियनच्या पुढ्यात सफरचंदाच्या रसाचा पेला होता.

"रस चढलाय त्याला, वहिनी," लोरेन्झ म्हणाला आणि मेज हसून हसून हललं. कोर्बिनियन उठला, टोपी घातली, आणि पुन्हा तिकडे फिरकला नाही.

हिवाळ्यात त्याला बुटाची नाडी बांधता येईना. चार पायऱ्यांत धाप लागायला लागली. तेव्हा मात्र बुर्गीच्या काळजात धस्स झालं. तिने त्याला डॉक्टर पोंग्राट्झकडे नेलं. म्हाताऱ्या डॉक्टरने पोटावर टिचक्या मारल्या आणि चष्मा काढला.

"पोटात पाणी झालंय. यकृत संपलं तुमचं. किती पिता?"

"वर्ष झालं, थेंब नाही."

डॉक्टरने त्याच्याकडे बघितलंच नाही, बुर्गीकडे बघितलं. मांडीवरची पर्स घट्ट धरून बुर्गी म्हणाली, "रोजचे चार-पाच मग धरा, डॉक्टरसाहेब. तो काही कबूल व्हायचा नाही."

 कोर्बिनियनने सदऱ्याची बटणं लावली, तीही खालीवर. रस्त्यात एवढंच म्हणाला, "मी मेल्यावरही हेच सांगशील का गं?"

 मरायला टेकला तरी याचं खोटं सुटत नाही, असं बुर्गीला वाटत होतं.

पोंग्राट्झने त्यांना रेगेन्सबुर्ग शहरातल्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथे डॉक्टरीण थालहामर होती, लेकीच्या वयाची. तिने त्याला या कुशीवर, त्या कुशीवर वळवून पोट वाजवलं आणि कपाळाला आठी घातली. मोकळं पाणी असेल तर कूस बदलली की तेही सरकतं, म्हणाली. हे जागचं हलत नव्हतं, म्हणजे कसल्यातरी पिशवीत कोंडलेलं असणार. मग तिने पोटाला थंडगार चिकट काहीतरी फासलं आणि पडद्यावर बघत यंत्र फिरवायला लागली.

"हे यकृत. उत्तम आहे."

"उत्तम?" बुर्गीने विचारलं.

"पिणाऱ्याचं असं नसतं. रक्तातही काही सापडलं नाही." यंत्र पुढे सरकलं. अशी पाण्याची पिशवी कुठल्याही अवयवाला येऊ शकते, म्हणून एकेकाचं दार ठोठावत जायचं, असं ती सांगत होती. मूत्रपिंड, स्वादुपिंड, प्लीहा, सगळी बिचारी कडेला चेपून बसलेली, पण पिशवी त्यांच्यातल्या कुणाचीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्याला मोठ्या यंत्रात घातल्यावर पत्ता लागला. आतडी ज्या पडद्याला लोंबतात, त्या पडद्याला ती धरली होती. आत पातळ भिंती, बाकी नुसतं पाणी. फार विरळा आजार. कर्करोग दिसत नाही, पण काढून तपासल्यावरच पक्कं सांगेन, म्हणाली.

"बिअरने होतं हे?" बुर्गी खाटेजवळ सरकली.

"बिअरचा काही संबंध नाही. बहुधा जन्मापासून बारीकशी असणार. भरत गेली सावकाश."

 वर्षभर ज्याला बुर्गीने चोर ठरवलं, तो वर्षभर तिच्यासमोर खरं बोलत उभा होता. आणि याच पिशवीने त्याचा जीव घेतला असता, तर तिने कबरीपाशी उभं राहूनही गावाला चार-पाच मगच सांगितले असते.

कोर्बिनियन खाटेवरून म्हणाला, "डॉक्टरीणबाई, यकृताचं तेवढं परत सांगा. हिला नीट ऐकू आलं नसेल."

तिने परत सांगितलं.

शस्त्रक्रिया करून पिशवी न फोडता अख्खी काढली. भरलेल्या बादलीएवढं वजन, परिचारिकेला दोन्ही हात लावावे लागले. तपासणीत वाईट काही निघालं नाही. पांघरुणाखाली माणूस आहे की नाही असा कोर्बिनियन पडलेला. परिचारिकांशी गप्पा मारायचा, बुर्गीशी मात्र नुसतं हो आणि नाही. "चुकलं माझं," ती म्हणाली, तर "हं" म्हणाला.

त्या "हं"चा अर्थ तिला कळला. रविवारी चर्च सुटल्यावर ती फीटुसच्या गुत्त्यात गेली आणि त्या मेजापाशी उभी राहिली. 

"त्याने वर्षभर थेंब घेतला नव्हता. पोटात गाठ होती, पाण्याची. मी इथे येऊन खोटं बोलले, तो नाही."

लोरेन्झने तोंड उघडलं आणि मिटलं.  फीटुस पेला पुसत होता, तो पुसतच राहिला.

दुपारी ती दवाखान्यात खाटेपाशी उभी राहून म्हणाली, "जाऊन सांगितलं."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

"लोरेन्झ होता?"

"होता. पहिल्यांदाच गप्प बसलेला बघितला."

कोर्बिनियन खाटेवर जरासा सरकला.

"कोट काढ," म्हणाला, "आणि बस. भेटीची वेळ संपायला अवकाश आहे अजून."